धुरपतामायची टोळी

हिंगोलीच्या जीनमध्ये माझ्या हाताखाली दहा-बारा म्हाताऱ्या होत्या, असं मी कुणाला सांगायला लागलो की आतून माझी बायको म्हणते, "हाताखाली तुमी होता. त्या वर होत्या." तिचं खोटं नाही. मी त्यांचा मुकादम होतो खरा, पण त्या टोळीचा कारभार चालायचा तो धुरपतामायच्या जिभेवर, आणि ती जीभ मी समोर असलो काय नि नसलो काय, सारखीच चालायची.

निजामाच्या राज्यातले दिवस ते. मी साखऱ्याचा. घरचं रान कोरडवाहू, खाणारी तोंडं जास्त, म्हणून ऐन बाविशीत मी हिंगोलीला आलो आणि कापसाच्या जीनमध्ये लागलो. दिवाळी झाली की गाड्यांमागून गाड्या कापूस यायचा. सरकी काढायला तो यंत्रात घालण्याआधी त्यातला पाला, काड्या आणि किडीनं पिवळी पडलेली कवडी हातानं वेचावी लागे. तरण्या बाया ओझी वाहत. ज्यांना ओझं झेपत नसे त्या म्हाताऱ्या पत्र्याच्या सावलीत ढीग पुढ्यात घेऊन वेचणीला बसत. आधीचा मुकादम त्यांच्यापुढं हात टेकून गावाकडं निघून गेला होता. हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

पहिल्या दिवशी मी त्यांच्यासमोर उभा राहिलो आणि मॅनेजरनं शिकवल्याप्रमाणे आवाज चढवून म्हणालो, "बोलणं बंद. हात चालू."

त्याबरोबर सगळ्यांचे हात थांबले आणि बोलणं चालू राहिलं.

मधोमध एक उंच, वाळक्या शेंगेसारखी म्हातारी बसली होती. कपाळावर गोंदण, आणि वरच्या हिरडीत एकच लांब दात. तिनं मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

"कुणाचा रे तू?"

"मी मुकादम आहे," मी म्हणालो.

"ते दिसून राहिलं. ल्योक कुणाचा?"

मी गाव सांगितलं, बापाचं नाव सांगितलं. तिला ते पुरलं नाही. आईचं माहेर विचारलं, आईचं नाव विचारलं. मग शेजारच्या ठार बहिऱ्या कोंडाबाईच्या कानाशी तोंड नेऊन ती सगळ्या जीनला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "गोदीचा ल्योक हाय. ती न्हाई का, नवरीनं उपास धरावा म्हणत्यात म्हणून कडक उपास धरला अन् ऐन अक्षतांच्या टायमाला घेरी यिऊन भटजीच्या अंगावर पडली, ती गोदी."

माझी आई मी लहान असतानाच गेली. तिच्या लग्नाची गोष्ट मला कुणीच कधी सांगितली नव्हती. मी मुकादमकी विसरलो आणि म्हणालो, "मग?"

"मग काय. भटजी आधीच बारका. तो खाली, गोदी वर. खोटं कशाला बोलू, त्या मांडवात भाकरी मीच थापून राहिले व्हते, पिठाच्या हातानं धावले."

ती गोष्ट संपली तेव्हा दुपारचा भोंगा झाला. त्या दिवशी जीनमध्ये सगळ्यात कमी काम आमच्या टोळीचं झालं, आणि त्यात मोठा वाटा मुकादमाचा होता.

"खोटं कशाला बोलू" हे धुरपतामायचं पालुपद. ते कानावर आलं की पुढचं किती धरायचं नि किती सोडायचं, हे मी हळूहळू शिकलो. आईच्या लग्नाची गोष्ट नंतर मी गावाकडच्या चुलत्याला विचारली. घेरी आली होती हे खरं, पण आई पडली ती मामाच्या अंगावर. भटजी चांगला धिप्पाड गडी होता. मी धुरपतामायला तसं म्हणालो, तर ती म्हणाली, "असंल. पर भटजीवर पडलेली बरी वाटती का न्हाई, सांग." बरी वाटत होती. मी आजही तशीच सांगतो.

ती सगळ्यांची माय. बाया तिला माय म्हणत, गाडीवाले माय म्हणत, आणि एकदा फाटकावर आलेला पोलीसही घाईत माय म्हणून गेला. मला मात्र ती "मारत्या" म्हणायची. मॅनेजर समोर असला तर मान राखून "मुकादम मारत्या".

दुपारी जेवण झालं की ती बसल्या बसल्या झोपायची. गंमत अशी की हात चालूच राहायचे. कवडी एका बाजूला, चांगला कापूस एका बाजूला, आणि डोळे घट्ट मिटलेले. नवा होतो तेव्हा मी एकदा तिला हलवून जागं केलं.

"माय, झोपलात."

"झोपले न्हाई. डोळ्याला इसावा दिऊन राहिले."

"घोरत होता."

"ते कोंडी."

कोंडाबाई तर जागी होती आणि भाकरी खात होती. तिला यातलं काहीच ऐकू आलं नव्हतं, तरी तिनं मान डोलावून होकार दिला. त्या दोघींचं हे जुनं साटंलोटं होतं. धुरपतामायनं काहीही सांगितलं की कोंडाबाई मान डोलवायची, आणि साक्ष पुरी व्हायची.

टोळीत तिसरी गयाबाई. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू आल्यामुळं तिला हातभर अंतरापलीकडलं दिसत नसे. वेचणीला तेवढं पुरे. धुरपतामाय स्वतः गुडघ्यांनी बेजार. ती म्हणायची, "गयाला दिसत न्हाई, कोंडीला ऐकू येत न्हाई, मला चालवत न्हाई. तिघी मिळून एक बाई पुरी व्हते. पर ती एक कशी, ठणठणीत."

दातांची तर आणखी वेगळी कथा. साऱ्या टोळीत चावण्याजोगे दात कुणालाच नव्हते, आणि भाजलेल्या शेंगांचा सोस मात्र सगळ्यांना. जीनच्या कोपऱ्यात कुणीतरी एक दगडी खलबत्ता आणून ठेवला होता. शेंगदाणे कुटायचे कुणी? गुडघेवालीनं, आंधळीनं की बहिरीनं? शेवटी ते काम तरण्या माणसाकडं आलं. रोज दुपारी मुकादम पाटावर बसून म्हाताऱ्यांसाठी शेंगदाणे कुटतो आहे, हे दृश्य जीनमधल्या हमालांनी इतकं पाहिलं, की मला कुणी "काय चाललंय" विचारायचं सोडून त्यांनी आपल्याही शेंगा आणून द्यायला सुरुवात केली.

एका हंगामात नवा मॅनेजर आला. माणूस वाईट नव्हता. टापटिपीचा होता, एवढंच. त्यानं पहिल्याच आठवड्यात मला बोलावलं आणि म्हणाला, "मारोतराव, वेचणीला फार वय झालेल्या बाया दिसतात. साठीपुढच्या कमी करा. मी स्वतः येऊन विचारतो."

ही बातमी मी टोळीला सांगितली. गयाबाईनं पदर तोंडाला लावला. तिला घरी कुणी नव्हतं, आणि जीन म्हणजे तिची नुसती भाकरी नव्हती, दिवसभराची माणसं होती. धुरपतामायनं तिच्याकडं एकदा पाहिलं आणि म्हणाली, "त्याला यिऊ दे."

मॅनेजर आला. ओळीनं विचारू लागला. पहिली म्हणाली चाळीस. दुसरी म्हणाली चाळीस. गयाबाईनं घाबरून तीस सांगितले. कोंडाबाईला प्रश्न ऐकूच आला नाही. तिनं मान डोलावली, तेव्हा धुरपतामाय म्हणाली, "तिचं बी तेच."

"आणि बाई, तुमचं?"

"खोटं कशाला बोलू," धुरपतामाय म्हणाली, "चाळिशीला दोन कमी."

तिच्या पलीकडं सुंदराबाई बसली होती. तिला कुणी काही शिकवलं नव्हतं, आणि स्वभावानं ती सरळ. ती म्हणाली, "मला पन्नास झाले, साहेब."

मॅनेजर पुढं सरकणार, तेवढ्यात ओळीतली एक बोलून गेली, "सुंदरा धुरपतामायची थोरली."

मॅनेजर थांबला. त्यानं आईकडं पाहिलं, लेकीकडं पाहिलं. "बाई, तुम्हाला चाळिशीला दोन कमी, आणि तुमच्या मुलीला पन्नास?"

मी जमिनीकडं पाहत होतो. धुरपतामायनं कापसातली एक काडी शांतपणे काढून टाकली आणि म्हणाली, "तिच्या मागं तकलीफ लई, साहेब. नवरा बराबर निघाला न्हाई. म्हणून ती माझ्या आधी म्हातारी झाली."

मॅनेजरचा चेहरा मला दिसला नाही, कारण त्यानं पाठ वळवली होती. खांदे मात्र हलत होते. तो तसाच ऑफिसात गेला आणि दार लावून घेतलं. वयाचा विषय त्यानं परत काढला नाही.

त्याच मॅनेजरनं पुढं एक कडक नियम केला, तो मात्र बरोबर होता. जीनमध्ये विडी-काडी बंद. कापसाला ठिणगी पुरते. जवळच्याच एका गावी असाच कापूस पेटून होत्याचं नव्हतं झालं होतं. धुरपतामायला विडीची जुनी सवय. पत्र्याच्या मागं जाऊन ती दिवसाकाठी चारदा ओढायची. नियम ऐकून तिनं कनवटीचं विडीबंडल काढून माझ्या हातात दिलं. "ठिवून दे. अन् मी मागितलं तरी दिऊ नको."

पुढचे आठ-दहा दिवस आमचे वाईट गेले. ती कुणावरही खेकसायची. कोंडाबाईशीसुद्धा भांडली, पण कोंडाबाईला ते कळलं नाही. त्यातून बाहेर आली ती वेगळीच बाई. मला ओढायला मिळत नाही तर इथं कुणालाच मिळणार नाही, असं तिनं ठरवून टाकलं. फाटकातून आत येणाऱ्या प्रत्येक गाडीवानाला ती हाक मारून जवळ बोलवायची आणि तोंडाचा वास घ्यायची.

अशात एके दिवशी सकाळच्या आगगाडीनं जीनचे मालक आले. त्यांना सगळे सेठ म्हणत. वर्षातून एखाददा यायचे. पांढरेशुभ्र कपडे, हातात पेटलेली सिगारेट. मॅनेजर मागं, मी त्याच्या मागं. मॅनेजरला सिगारेट दिसत होती, मला दिसत होती. आम्ही दोघं तसेच मागं चालत राहिलो. सेठ वेचणीच्या ढिगाशी येऊन थांबले, वाकून कापूस पाहू लागले. तेवढ्यात बसलेल्या जागेवरून धुरपतामायचा लांब हात वर आला, त्यांच्या बोटांतली सिगारेट अलगद काढून घेतली आणि शेजारच्या पाण्याच्या गाडग्यात टाकली.

"जाळायचं असंल तर तुमच्या घरचं जाळा, बाबा," ती म्हणाली. "ह्याच्यावर आमचं पोट हाय."

आता सेठ हसतील आणि म्हातारीची पाठ थोपटतील, असं मला क्षणभर वाटलं. तसं काही झालं नाही. त्यांचा चेहरा लाल झाला. ते मॅनेजरला म्हणाले, "इस बुढिया को अभी बाहर करो." मॅनेजर मला म्हणाला, "मारोतराव."

मी पुढं झालो. "माय, सेठ म्हणतात, घरी जा."

"बरं," ती म्हणाली. एवढंच.

मग ती उठायला लागली. तिला उठायला दोन माणसं लागत. एका बाजूनं मी धरलं, दुसऱ्या बाजूनं सुंदराबाईनं. गुडघ्यांचा आवाज आला. माय उठते आहे हे पाहून कोंडाबाईला वाटलं जेवणाची सुटी झाली. तिनं भाकरीचं फडकं काढलं आणि तीही उठायला लागली. गयाबाईनं विचारलं, "काय झालं? भोंगा झाला का?" कुणीतरी सांगितलं, मायला काढलं. "मग मी हितं बसून काय करू," म्हणत तीही जमिनीला हात टेकून वर यायला लागली. सुंदराबाई आईबरोबर निघालीच होती. बघता बघता सगळी टोळी उठण्याच्या नादाला लागली.

त्यांना बाहेर पडायला जो वेळ लागला, तो मी जन्मात विसरणार नाही. एकीचा पाय झोपला होता, तो जागा होईपर्यंत तिची मैत्रीण तिला धरून उभी राहिली. वहाणांची अदलाबदल झाली आणि त्यावरून दोघींचा वाद लागला. एक जण पाणी प्यायला गेली, गाडग्यात सिगारेट पाहून परत आली आणि दुसरं गाडगं शोधायला निघाली. सेठ हातांची घडी घालून उभे होते. आधी रागानं उभे होते, मग नुसतेच उभे राहिले.

टोळी फाटकात पोचली तेव्हा बाहेर कापसाच्या गाड्यांची रांग लागली होती. फाटक अरुंद. म्हाताऱ्या आतून बाहेर येत होत्या, गाड्यांना बाहेरून आत यायचं होतं. पहिल्या गाडीवाल्यानं बैल थांबवले. "माय, कुठं निघालात?"

धुरपतामायला सगळे गाडीवाले ठाऊक. तिनं फाटकाच्या मधोमध काठी टेकली आणि त्याला सगळं सांगितलं. मग त्याच्या बायकोचं बाळंतपण कसं झालं ते विचारलं. मग दुसरा गाडीवाला पुढं आला, "काय झालं, माय?" तिनं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. तिसऱ्याला सांगताना सिगारेटीची चिलीम झाली होती, आणि कोंडाबाई मान डोलावत होती. रांग पार रस्त्यापर्यंत गेली. बैल ओरडायला लागले. आत यंत्राला कापूस मिळेना, आणि सेठना दुपारची गाडी गाठायची होती.

शेवटी मॅनेजर धावत आला. "मारोतराव, त्यांना आत घ्या. सेठ म्हणतात, आत घ्या, पण फाटक मोकळं करा."

मी धुरपतामायला म्हणालो, "माय, चला परत."

ती माझ्याकडं पाहून म्हणाली, "आत्ताच उठले. आता लगीच बसू? गुडघ्याला काई इज्जत हाय का न्हाई?"

परत येऊन बसायलाही त्यांना तेवढाच वेळ लागला. कोंडाबाई तर संध्याकाळपर्यंत मला विचारत होती की आज दुपारची सुटी एवढी लवकर काहून दिली.

पुढच्या खेपेला सेठ आले ते फाटकाबाहेर थांबले, सिगारेट पुरती ओढली, टाचेखाली विझवली आणि मगच आत आले. धुरपतामायनं आतून त्यांना हाक मारून सांगितलं, "सावकाश व्हऊ द्या, बाबा. घाई न्हाई."

माझं लग्नही तिनंच जमवलं. आई नाही, चुलत्याला वेळ नाही. नरसीला एक मुलगी असल्याचं कुणाकडून तरी कळलं. एका सुटीच्या दिवशी धुरपतामाय, कोंडाबाई आणि गयाबाई बैलगाडीत बसून मुलगी पाहायला गेल्या. मला नेलं नाही. "तुझं काय काम हाय तिथं," म्हणाली.

तिथं काय झालं ते मला नंतर बायकोनं सांगितलं. तिघी ओसरीवर बसल्या. गयाबाईनं मुलगी पाहायची म्हणून तिच्या तोंडाला तोंड लागेपर्यंत जवळ जाऊन पाहिलं. कोंडाबाईनं मुलीच्या आईच्या प्रत्येक बोलण्याला मान डोलावली, त्यामुळं त्या घरानं मागितलं ते सगळं तिथंच कबूल झालं. धुरपतामाय म्हणाली, "पोरी, सुईत दोरा ओवून दाखव."

मुलीच्या बापाला वाटलं, नजर तपासून राहिल्या. मुलीनं एका झटक्यात दोरा ओवला.

"टाके घालता येतात का?"

"व्हय."

तेव्हा धुरपतामायनं गाडीतून गाठोडं मागवलं. त्यात तिचं, कोंडाबाईचं, गयाबाईचं आणि टोळीतल्या आणखी चौघींचं उसवलेलं सगळं होतं. मुलगी दुपारभर शिवत बसली. तिघी शेजारी बसून शेंगदाण्याचा कूट खात तिला माझे गुण सांगत होत्या. उन्हं कलल्यावर धुरपतामायनं गाठोडं बांधलं आणि म्हणाली, "पोरगी आमाला पसंत हाय. खोटं कशाला बोलू, पोरगा दिसायला येवढा बरा न्हाई, पर शेंगदाणे लई बारीक कुटतो."

बायको म्हणते, तिनं होकार दिला तो त्याच वाक्यावर.

मग ते वाईट वर्ष आलं. हिंगोलीतली हवा बदलली. आज रझाकारांनी अमकं गाव जाळलं, उद्या तमक्या गावावर येणार, अशा बातम्या येत होत्या. जीन बंद पडलं. ज्यांना शक्य होतं ती घरं बिऱ्हाड बांधून सरहद्दीपलीकडं वऱ्हाडात निघाली. आमचं लेकरू तेव्हा अंगावर पीत होतं. मीही गाडी ठरवली आणि धुरपतामायला आणायला गेलो. सुंदराबाई आधीच लेकाकडं वाशीमला गेली होती.

"चला माय, गाडीत जागा आहे."

"मला न्हाई जमायचं."

"का?"

"शेळी गाभण हाय. दिवस भरलेत. तिला अशात गाडीत घालून हेलकावे देऊ का?"

मी समजावलं, बायकोनं समजावलं. मी रागावलोही. ती म्हणाली, "मारत्या, मला नेऊन ते काय करतील? माझ्याकडं एक दात हाय." आणि स्वतःच हसली. मग म्हणाली, "कोंडी बी हाय हितं. तिला काही कळतच न्हाई की काय चाललंय. तिला एकटी कशी ठिवू?"

सकाळी निघालो तेव्हा मात्र ती दारात उभी. "मला गावाबाहेरच्या इहिरीपस्तोर ने. लेकराला धरते." तिला गाडीत चढवलं. विहिरीपर्यंत तिनं लेकराला मांडीवर घेऊन त्याच्या आजीच्या लग्नाची गोष्ट सांगितली, भटजीसकट. लेकरू तिच्या दाताकडं हात नेत होतं. विहीर आली तसं ती म्हणाली, "थांबव." उतरायला नेहमीसारखा वेळ लागला. बायको रडायला लागली, तर तिला म्हणाली, "रडू नको, दूध आटंल."

निजामाचं राज्य संपलं तसे आम्ही पावसाळ्यानंतर परत आलो, तोवर ती गेली होती. तापानं गेली, कोंडाबाईच्या मांडीवर. मला ते कोंडाबाईनंच सांगितलं. शेळीला दोन करडं झाली होती.

मला मात्र ती आठवते ती विहिरीजवळची. गाडी चालू झाल्यावर मी मागं वळून पाहिलं. वाटलं होतं, ती उभी राहून आमच्याकडं पाहत असेल. ती पाहत नव्हती. रस्त्याकडेच्या बाभळीखाली जाऊन, काठी उलटी धरून ती शेळीसाठी एक फांदी खाली ओढत होती. शेंगा पडत होत्या, आणि फांदी हातातून सुटून वर गेली की ती बाभळीला काहीतरी बोलत होती. शब्द ऐकू येत नव्हते. ती शिव्या देत असणार, एवढं इतक्या दुरूनही कळत होतं.